19.2 व्होल्टचा खोटा दाखला

"अगो, लॅपटॉप उठत नाहीये," नाना फोनवर म्हणाले. बैल बसला असता तर ज्या आवाजात सांगितलं असतं, त्याच आवाजात.

नानांचा लॅपटॉप वर्षातले चार महिने काम करतो आणि आठ महिने झोपतो. रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळ आमची हापूसची थोडी कलमं आहेत. मार्चपासून मेअखेरपर्यंत मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पेट्या जातात. कोणाला किती डझन, कोणाचे पैसे यायचे, कोणाला पाडव्याच्या आतच हवी, कोणाकडे दुपारी घर बंद असतं, हे सगळं त्या लॅपटॉपमध्ये. हंगाम संपला की तो माजघरातल्या फडताळात, डांबरगोळ्यांच्या शेजारी. मशीन 2012 चं. माझ्या पहिल्या नोकरीतलं, मी नवीन घेतल्यावर नानांकडे गेलेलं.

2025 च्या शिवरात्रीला जोडून रजा टाकली आणि आदल्या शनिवारी घरी पोचले. कलमांवर कुठे मोहोर, कुठे सुपारीएवढी फळं धरलेली. नाना फवारणीच्या गडबडीत होते. लॅपटॉप पडवीत पाटावर ठेवला होता, शेजारी टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर. म्हणजे त्यांनी आधी स्वतः उघडून पाहिलंच होतं. विचारलं तर म्हणाले, "नाही हो, फक्त फुंकर मारली."

मी काही कॉम्प्युटरवाली नाही, अकाउंट्समध्ये आहे. पण घरातल्या वायफायपासून मिक्सरपर्यंत सगळं माझ्याकडेच येतं, त्यामुळे थोडा फाजील आत्मविश्वास आहे.

बटण दाबलं. काही नाही. दिवा नाही, फॅनची घरघर नाही. एक गोष्ट मात्र दिसली. चार्जर भिंतीत लावला की त्याच्यावरचा हिरवा दिवा लागायचा, आणि पिन लॅपटॉपमध्ये घातली की तोच दिवा मंद होऊन लुकलुकायचा. हे मी पाहिलं, नानांना दाखवलंसुद्धा, आणि पुढच्या कामाला लागले. सगळं उत्तर तिथेच होतं, पण ते मंगळवारी कळायचं होतं.

आधी तो प्रसिद्ध उपाय केला. बॅटरी काढायची, चार्जर काढायचा, पॉवरचं बटण अर्धा-एक मिनिट दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेला करंट निघून जातो. मग बॅटरीशिवाय, नुसत्या चार्जरवर चालू करायचं. काही नाही. बॅटरी तशीही केव्हाच मेलेली होती. आठ महिने न चार्ज करता ठेवली की ती इतकी खाली जाते की पुन्हा चार्जच घेत नाही.

मग मल्टिमीटर. नानांकडे तो पिवळा, तीनेकशे रुपयांना मिळणारा मीटर आहे, पंपाच्या कामाचा. डीसी 200 च्या खुणेवर ठेवला, काळी वायर पिनेच्या बाहेरच्या कडीला, लाल आतल्या भोकात. आकडा आला 19.2. चार्जरवर छापलेलं होतं 19 व्होल्ट, 3.42 अँपिअर. मी वहीत लिहिलं: "चार्जर ठीक." आणि खाली रेघ मारली. अकाउंट्सवाल्यांची सवय, टॅली झालं की रेघ.

त्या रेघेने तीन दिवस खाल्ले.

चार्जर ठीक म्हणजे दोष आत. सगळे व्हिडिओ म्हणतात आधी रॅम बघा, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी. लॅपटॉप पालथा केला. हवा बाहेर पडायच्या जाळीत मातीचा छोटा गोळा दिसला. कुंभारीण माशीने घर बांधलेलं! फडताळाच्या दाराची फट तिला पुरली असणार. टाचणीने कोरून काढलं, आत सुकलेला कोळी निघाला. नाना म्हणाले, "सापडला दोष." आईसुद्धा हसली.

खालचं झाकण दोन स्क्रूंचं. आत रॅमच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी 2 जीबी. दोन्ही बाजूंच्या पकडी बाहेर ओढल्या की पट्टी आपोआप तिरपी वर येते. बसवताना तशीच तिरपी सरकवायची आणि खाली दाबायची, कट् आवाज येईपर्यंत. पहिली पट्टी पहिल्या खाचेत, मग दुसऱ्या खाचेत. दुसरी पट्टी पहिलीत, मग दुसरीत. चार वेळा बसवलं, चार वेळा बटण दाबलं. चारही वेळा मुडदा. वहीत लिहिलं: "रॅम ठीक." खाली रेघ. पट्ट्या होत्या तशा परत बसवून झाकण लावलं.

रविवारी चुलतभाऊ आला. त्याच्याकडे त्याच कंपनीचा नंतरचा लॅपटॉप आहे, पिन तीच, चार्जर 19.5 व्होल्टचा आणि वॅटने मोठा. चालेल का म्हणून जरा घाबरले होते. पण व्होल्ट जवळपास जुळले आणि पिन तीच असली की अँपिअर जास्त असून बिघडत नाही. लॅपटॉप लागेल तेवढेच ओढतो. कमी असेल तर मात्र पंचाईत.

त्याचा चार्जर लावला, बटण दाबलं, आणि दिवा लागला! फॅन फिरला! आई स्वयंपाकघरातून "लागला का?" म्हणून आली. पण पडदा काळाच. चारेक सेकंद फॅन फिरला, बंद झाला, पुन्हा आपोआप फिरला, पुन्हा बंद. दम्याच्या माणसाने श्वास घ्यावा तसं चाललं होतं.

पडद्यावर तिरपा टॉर्च मारून पाहिला. मागचा उजेड गेला असेल तर अशा वेळी अंधुक अक्षरं दिसतात. काही नव्हतं. एचडीएमआयने टीव्हीला जोडलं, टीव्ही म्हणाला सिग्नल नाही. म्हणजे दोष पडद्यात नव्हता.

आता इथे कोणीही म्हणेल की बाई, त्याच्या चार्जरवर जीव आला म्हणजे तुझा चार्जर गेलाय. आम्हीही तेच म्हणालो, पण 19.2 लिहिलेलं समोर होतं. भाऊ म्हणाला, "आपल्या चार्जरची पिन सैल बसत असेल." हलवून पाहिली, खरंच जरा सैल होती. पटलं. आणि पडदा काळा का, तर रॅम कालच तपासून झाली, म्हणजे राहिला मदरबोर्ड, आतली मुख्य सर्किटची पाटी. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली.

सोमवारी रत्नागिरीला एका दुकानात नेला. दुकानाचं नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतःचा चार्जर लावला. फॅन फिरला, बंद, फिरला, बंद. दोन मिनिटांत निकाल: "मदरबोर्ड गेला. साडेआठ हजार. एवढ्या जुन्यात घालू नका, वर थोडे टाकून सेकंडहँड घ्या." मी म्हटलं, रॅम बघता का? त्याने विचारलं, तुम्ही बघितली ना? मी म्हटलं, हो, चारही तऱ्हांनी. माझ्याच खोट्या साक्षीवर त्याने शिक्षा सुनावली. तपासायचे दीडशे रुपये दिले आणि बाहेर आले.

एक शहाणपणाचं काम त्या रात्री झालं, जे खरं तर शनिवारी सगळ्याच्या आधी करायला हवं होतं. हार्ड डिस्क काढली. भावाकडे यूएसबीचं केसिंग होतं, त्यात ती बसवून माझ्या लॅपटॉपला लावली. डिस्क धडधाकट. नानांची सगळी फोल्डरं उतरवून घेतली, वीस मिनिटं लागली. लॅपटॉप चालू होत नाही म्हणजे आतलं सगळं गेलं, असं घरोघरी वाटतं. बहुतेक वेळा डिस्क बिचारी ठणठणीत असते.

"मग झालं की," मी नानांना म्हटलं. "यादी मिळाली. नवीन घेऊ."

"आणि लेबलं?"

लेबलांचा एक छोटा प्रोग्राम आहे. 2013 मध्ये कॉलेजच्या एका पोराने नानांना करून दिलेला. गिऱ्हाइकाचा नंबर टाकला की पत्ता, डझन, पेटी क्रमांक, सगळं मराठीत छापून येतं. माझ्या लॅपटॉपवर तो उघडेना, कुठलीतरी ओसीएक्स फाईल सापडत नाही म्हणे. मी म्हटलं, एक्सेलमध्ये करून देते. नाना काही बोलले नाहीत. नुसते चष्मा पुसत बसले. ते चष्मा पुसायला लागले की समजायचं.

मंगळवारी नानांना टेम्पोच्या कामासाठी गॅरेजला जायचं होतं, मीही गेले. तिथले मिस्त्री गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतात. लॅपटॉपशी त्यांचा संबंध नाही, पण नानांना कोणालाही काहीही सांगायची सवय. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं, "ताई, 19.2 आलं तेव्हा चार्जरला काय लावलेलं होतं?"

"काही नाही. नुसता मीटर."

"मग तो चार्जर तपासलाच नाही तुम्ही. मीटर काही खात नाही. न जेवणाऱ्या पाहुण्याला कोणीही आग्रह करतो."

लॅपटॉप आणि चार्जर माझ्या पिशवीत होते, दुकानात नेले होते तेव्हाचे. मिस्त्रींनी टेम्पोच्या इंडिकेटरचे दोन बल्ब काढले, 12 व्होल्ट, 21 वॅटचे. एकच लावला तर 19 व्होल्टला उडेल, म्हणून दोन एकापुढे एक जोडले. दोन वायरी चार्जरच्या पिनेला, एक आत, एक बाहेरून, एकमेकींना लागणार नाहीत अशा बेताने. बाजूला मीटर धरला. स्विच दाबला.

बल्ब लागले आणि विझले. लागले, विझले. मीटरवर 4, 11, 6, 9, कुठेच ठरेना. चार्जरवरचा हिरवा दिवा तसाच लुकलुकत होता, शनिवारी पडवीत लुकलुकला होता अगदी तसा. दोन बल्बांना मिळून दीडेक अँपिअर लागतो, म्हणजे छापलेल्या 3.42 च्या निम्माही नाही. तेवढं ओझंही त्याला झेपत नव्हतं.

मी तो दिवा बघत उभीच राहिले.

"आतला वीज साठवणारा कपॅसिटर सुकला असेल," मिस्त्री म्हणाले. "पण उघडू नका हं. प्लग काढला तरी आत तीनशेच्या वर व्होल्ट बसून असतात." मग त्यांनी लॅपटॉपच्या चार्जिंगच्या भोकात मीटर लावून पाहिला, आत कुठे शॉर्ट आहे का ते. नव्हता. शॉर्ट असता तर धडधाकट चार्जरही असाच लुकलुकला असता, म्हणून तेही बघायला लागतं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, पहिली पेटी आली की बघू.

परत येताना टेम्पोत वही उघडली. चार्जर मेलेला होता. मग शनिवारी रॅमच्या चार तपासण्या मी कशावर केल्या? त्याच मेलेल्या चार्जरवर. ज्या मशीनला वीजच नाही, त्यात रॅम कुठलीही, कशीही बसवा, उत्तर एकच येणार. "रॅम ठीक" याचा अर्थ एवढाच की मी चार वेळा अंधारात बटण दाबलं. आणि रविवारी चांगला चार्जर आला तेव्हा रॅमला हात लावला नाही, कारण तिच्याखाली रेघ होती. दोन दोष होते आणि एक दुसऱ्याला पाठीशी घालत होता. चांगली वीज आणि रॅमची तपासणी, या दोन गोष्टी एका वेळी कधी झाल्याच नव्हत्या. वहीतल्या शनिवारच्या सगळ्या रेघा खोडल्या. ऑडिटमध्ये एखादं व्हाउचर खोटं निघालं की त्याच्यावर टेकलेली सगळी पानं परत बघावी लागतात, ते मला ऑफिसात बरोबर आठवतं.

भावाचा चार्जर संध्याकाळी मिळाला. बुधवारी सकाळी, शिवरात्रीच्या उपासाला, साबुदाणा भिजेपर्यंत लॅपटॉप पुन्हा पालथा.

दोन्ही पट्ट्या काढल्या. पहिली एकटीच बसवली. बटण. फॅन फिरला, थांबला नाही, आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह. मी ओरडले नाही, कारण आई देवाजवळ होती. बंद करून पहिली काढली, त्याच खाचेत दुसरी बसवली. काळं. फॅन फिरला, बंद, फिरला, बंद. दम्याचा रोगी सापडला.

ती दुसरी पट्टी उजेडात धरली. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, एका पट्टीला 204. पहिलीचे दात चकचकीत. दुसरीवर उजव्या अंगाला सात-आठ दातांवर तपकिरी-काळपट झाक, पितळी तांब्याला चढते तशी. आमच्याकडे पावसात मिठाला पाणी सुटतं, पापड डब्यात सादळतात, चपलेला बुरशी येते. लॅपटॉप चालता असला की स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. हा आठ महिने थंड पडून होता.

उपाय बिनखर्ची. भाचरांच्या कंपासमधला पांढरा खोडरबर घेतला, रंगीत वासाचा नाही, तो चिकट असतो. पट्टी कडांनी धरली, दातांना बोट लागू द्यायचं नाही. खोडरबर दातांच्या लांबीच्या दिशेने हलका फिरवला, दोन्ही बाजूंनी. रबराचे काळे वळ निघाले ते मऊ ब्रशने झाडले. खाचही कोरड्या ब्रशने झाडली. याआधी खिडकीच्या गजाला हात लावून घेतला होता, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून. फेब्रुवारीतल्या दमट हवेत तिची फार भीती नसते, पण आता कुठलीच पायरी गाळायची नाही असं ठरवलं होतं.

दुसरी पट्टी एकटी बसवली. चालू. मग दोन्ही. चालू, 4 जीबी दिसली.

इतकं झाल्यावर तरी सरळ चालावं की नाही? पडद्यावर तारीख 1 जानेवारी 2012, आणि सेटिंग्ज चुकल्याची तक्रार. आतली नाण्याएवढी बॅटरी, सीआर 2032, संपली होती. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग्ज तिच्यावर जगतात. नशिबाने ती रॅमच्या शेजारीच, त्याच झाकणाखाली होती. घड्याळवाल्याकडे चाळीस रुपयांना मिळाली. ती घालून तारीख लावली आणि विंडोज सुरू केलं. चिन्ह आलं, गोल फिरलं, आणि निळा पडदा: 0x0000007B.

तेव्हा मात्र पोटात गोळा आला. पण हा आकडा फोनवर शोधला तर लगेच सापडतो. विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसत नाही असा त्याचा अर्थ. डिस्क चांगली होती हे मला सोमवारपासून माहीत होतं. कारण त्या नाण्यातच होतं. बॅटरी संपल्यामुळे बायोस मूळपदावर गेला होता आणि त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धत, साटा मोड, एएचसीआय झाली होती. आमचं विंडोज 7 कोणीतरी कधीतरी आयडीई या जुन्या पद्धतीवर घातलेलं. बायोसमध्ये जाऊन तेवढी एक ओळ बदलली, सेव्ह केलं, बाहेर आले. हे ठाऊक नसेल तर माणूस इथे सरळ विंडोज नवीन घालतो, आणि लेबलांचा प्रोग्राम त्यात गेला असता.

विंडोज उघडलं. मागे अजून माझ्या लग्नातला फोटो. नानांना हाक मारली. ते पंपाकडून आले, हात धुतले, लेबलांचा प्रोग्राम उघडला आणि गिऱ्हाईक क्रमांक 17 टाकला. दादरचा पत्ता आला, मराठीत, आडव्या चौकटीत. "हे गेल्या वर्षी वारले," नाना म्हणाले. "आता मुलाचं नाव घालायला हवं." आणि तिथेच बसून टाईप करायला लागले, एका बोटाने.

नवीन चार्जर सातशे रुपयांना आला, नाण्याचे चाळीस, दुकानाचे दीडशे. एकूण आठशे नव्वद. विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 पासून सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, म्हणून त्या लॅपटॉपचं वायफाय बंद करून टाकलं. त्याला इंटरनेटची गरजही नाही, नाना मेल फोनवर बघतात. जुना चार्जर फेकायचा नाही म्हणून नानांनी ठेवून घेतलाय, वायर कामाला येईल म्हणे. मी त्याच्यावर मार्करने मोठी फुली मारली आहे. मिस्त्रींना पाडव्यानंतर पाच डझनांची पेटी गेली, लेबलासकट.

हंगाम संपल्यावर मी नानांना सांगितलं की पावसाळ्यात त्याला नुसता ठेवू नका, पंधरा दिवसांनी एकदा तासभर चालू करा. पंधरा दिवस कसे लक्षात राहणार, म्हणून त्यांनी एकादशी धरली. दर एकादशीला देवपूजा झाली की लॅपटॉप लावतात आणि मला फोन करून तारीख वाचून दाखवतात.

आषाढीला, 6 जुलैला, सकाळी फोन आला. मागे पत्र्यावर पावसाचा आवाज.

"आज नाही लावला हो. रात्रीपासून लाईट नाही."

"राहू दे नाना, उद्या लावा."

"उद्याच लावतो. द्वादशीला, पारणं झाल्यावर."